दोन सूत आत

"त्या ऑनलाइन उपचारांचे वर्षभरानंतरचे प्रश्न होते, भरून टाकले," मुलगी लॅपटॉप मिटत म्हणाली. "पास झाले बहुतेक."

आईने शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. कुणी अनोळखी समुपदेशक बाई आठ आठवडे पडद्यावरून गोड बोलते आणि पोरगी जेवायला लागते, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. पडद्याला ताटात काय उरलंय ते थोडंच दिसतं? याच पोरीने दोन वर्षं घास रुमालात लपवून घरादाराच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. आता ताट लख्ख असायचं, आणि त्या लख्ख ताटाचाच आईला जास्त संशय यायचा.

विचारायची सोय नव्हती. विचारलं की पोरगी ताटावरून उठायची. म्हणून गेल्या सोमवारी तिने आपल्या धंद्यातली युक्ती केली. मुलीचा कामावर घालायचा निळा शर्ट गुपचूप कमरेला दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, आत घेतला. पोरगी खरंच खात असेल तर काचेल. सैलच राहिला तर चोरी पकडली.

मुलगी आत जाऊन तोच शर्ट घेऊन आली.

"आई, हा काचतोय. जरा सैल करून दे."

आईचा जीव भांड्यात पडला.

"मंगळवारी तर डबा कचऱ्यात टाकणार होते," मुलगी म्हणाली. "झाकणही उघडलं होतं. मग त्या बाईंचं आठवलं. लपवावंसं वाटलं की आधी घरात कुणाला तरी सांगायचं. सांगायला चार दिवस लागले, पण त्या दिवशी डबा खाल्ला."

आईने घाईघाईने कात्रीचं टोक शिवणीत घातलं. जुनी शिवण धुऊन धुऊन विटली होती. तिच्या शेजारी दुसरी होती, गडद निळी.

"हा दोरा नवा आहे," मुलगी म्हणाली. शिवणाऱ्या बाईची लेक ती.

"मीच आत घेतला. मला बघायचं होतं, खरंच जेवतेस का." आई म्हणाली. "चुकलं माझं."

आईला पुढचा टाका दिसेना, तेव्हा मुलीने तिच्या हातातून कात्री घेतली, स्टूल ओढलं आणि स्वतःच उसवायला बसली.

"विचारत जा ना मला."

आईने धीर गोळा केला.

"आजचा डबा संपवलास?"

"अर्धा," मुलगी मान वर न करता म्हणाली.

आईला हे मात्र लगेच पटलं.