एकवीस दिवसांचं तेल

"पलीकडे उभी असलेली जोडीदार सांगेल तिथेच बाउल टाक. स्वतःच्या डोळ्यावर जाऊ नकोस."

अकरा वर्षांपूर्वी भारताच्या संघात पहिल्यांदा निवड झाली, तेव्हा प्रशिक्षक गुरुप्रसाद सरांनी मनिषाला हे बजावलं होतं. लॉन बोल्सचा चेंडू, म्हणजे बाउल, सरळ जात नाही, वळत जातो. टाकणारीला तो चुकल्यासारखाच दिसतो.

आज मात्र तो हातातच राहीना. ओहोटीने मोकळ्या केलेल्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या कडक वाळूवर ती एकटीच सराव करत होती. तिने बोटं नाकाशी नेली. खोबरेल.

तिची जोडीदार, पालीची पूर्वी, सरावासाठी घरी राहायला आली, तेव्हापासून हे चाललं होतं. बाउल किंचित निसटायचा, नेम टीचभर चुकायचा. मंगळवारी निवड चाचणी. खेळायचं जोडीने, पण गुण प्रत्येकीचे वेगळे. चौतिशीची मनिषा यंदा गळली, तर तिला पुन्हा कोण बोलावणार? बाविशीच्या पूर्वीला मात्र नवी जोडीदार मिळेल. तिची तेलाने चोपडलेली वेणीही मनिषाला खुपायला लागली होती.

आणि काल सकाळी सासूबाई देवळात गेल्या असताना पूर्वी बॅगेपाशी सापडली. हातात मनिषाचा बाउल आणि फडकं.

"काय करतेस?"

पूर्वीने घाईने बाउल बॅगेत ठेवला.

"बोल की! का जिभेलाही तेल लावलंयस?"

"ताई, मला नाय सांगता येणार."

मिळाली ती एसटी धरून पूर्वी पालीला गेली. सासूबाईंना मनिषाने सांगितलं, तिला ताप आलाय.

चोर गेला आणि आज तेल कालपेक्षा जास्त!

दुसऱ्या दिवशी मनिषा अंघोळीला गेल्यासारखं करून दाराआड थांबली. सासूबाई, आवडाबाई, हलक्या पावलांनी आल्या. त्यांनी चारही बाउल देवापुढच्या ताम्हनात ठेवले आणि बोटाने तेल लावू लागल्या. शाळिग्रामाला लावावं तसं, हळुवार.

"आई!"

आवडाबाई दचकल्या, मग ओशाळं हसल्या. "गावलंय गो तुला. तुझ्या निवडीसाठी एकवीस दिवसांचा नेम होता देवीला, उद्या पुरा झाला असता. बोलून दाखवला की फळत नाय, म्हणून त्या पोरीचा शब्द घेतलेला. तिने पहिल्याच दिवशी पकडलं मला. म्हणाली, आजी, तुम्ही लावा, मी मागाहून पुसून ठेवीन. ताईंचा हात चुकता नये." त्यांनी एका बाउलवर फूल ठेवलं. "ताप उतरला काय तिचा?"

मनिषा उंबऱ्यावरच बसली.

"तिला ताप नव्हता, आई. मी तिला चोर ठरवलं."

आवडाबाईंनी ताम्हन बाजूला सारलं.

"मंगळवारी तिच्यासोबतच जायचं. शब्द दे."

"दिला."

चहासुद्धा न घेता मनिषा पालीच्या गाडीसाठी बाहेर पडली.