विहिणीचा मान

निरंजन टोरांटोहून बायको-पोरं घेऊन आला, तो थेट बुढापारा मोहल्ल्यात, सासुरवाडीला उतरला. मले फोन केला, "आई, पोरांले एसीशिवाय झोप नाही येत. जायच्या आधी तुले भेटून जाऊ."

मी "हव" म्हटलं, पिशवी भरली आणि विहीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. "कुमुदताई, नातवंडं इथे, तर आजीही इथेच."

मुलाच्या आईला दारातून परत कोण पाठवते? पहिलं ताट माझं, एसीखालचा पलंगही माझा. वरणात मीठ कमी आहे, हे मी व्याह्यांसमोरच सांगितलं. चहा तर रोज परत पाठवला. शेवटी विहीणबाईंनीच लेकीच्या बॅगा भरल्या. "निधी, सासरीही राहावं लागते न बाई!"

गाडीत नातवानं विचारलं, "आजी, तुझ्या घरी खूप गरम होते?"

"नाही रे राजा," मी निरंजनला ऐकू जाईल असं म्हटलं. "तुम्ही येणार म्हणून होळीलाच एसी लावला. तुझ्या बापानं विचारलंच नाही."