मुंबई की कोलकाता

भूलतज्ज्ञ रूपाली हिंगणघाटच्या घरी सायबर कॅफेतून आणलेली दोन माहितीपत्रकं ताडून पाहत होती. दुखणं थांबवण्याची फेलोशिप मुंबईला करावी की कोलकात्याला, काही ठरत नव्हतं. शेजारी आई खांदा शेकत बसली होती. काल बापानं तिला केस धरून दाराच्या चौकटीवर आपटलं होतं.

“मुंबईले गोळ्या-औषधांवर भर हाये, आई. कोलकात्याले सुईनं दुखरी नस मारणं शिकवते. तुह्या खांद्याच्याही कामी येईन.”

“अन् चुकीची नस मेली त?”

“त हात लुळा पडते, जन्मभराचा.”

आईनं शेकायची पिशवी खाली ठेवली. आतल्या खोलीत बाप घोरत होता.



“मंग कोलकात्यालेच जाय. अन् ते चुकीची नसच पक्की शिकून येजो.”