डायफुकूची पेटी

"एक घर झालं ना आता? मग बेडकांना दोन घरं कशाला?" असं म्हणत शिगेकीने इवल्याशा मामेला उचललं आणि डायफुकूच्या काचपेटीत सोडून दिलं. त्याचं दुसरं लग्न होऊन आठवडाच झालेला. गड्याला जिकडेतिकडे एकी दिसत होती.

"हो बाबा. राहतील गुण्यागोविंदाने," त्याची मुलगी चिहो म्हणाली.

कार्टी बारा वर्षांची, पण पक्की. डायफुकू तिचा. वाटीएवढा शिंगाळ बेडूक, तिच्या गेलेल्या आईने आणलेला. तोंडासमोर काही हललं की गट्टम, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मामे मात्र नव्या आईची, मिसुझुसानची. भातखाचरातली हिरवी बेडकी, बोटाच्या पेराएवढी. भाड्याच्या खोलीतल्या एकट्या दिवसांत मिसुझुसानला तिचीच काय ती सोबत होती. चिहोला या बाईला एकदा रडताना बघायचं होतं.

नव्या घरात आल्यावर ओळखीची भेट म्हणून द्यायचे टॉवेल शेजाऱ्यांना वाटून मिसुझुसान परतली, तेव्हा डायफुकूच्या तोंडातून दोन हिरवे पाय लोंबत होते. उरलेले टॉवेल तिथेच पडले. तिने त्याचा जबडा अलगद उघडून मामेला बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि डायफुकूलाच घेऊन पाण्याच्या बादलीकडे धावली.

चिहो तिच्यामागे धावली. "त्याला मारू नका ना."

"मारतेय कुठे, वेडाबाई? तोंड धुतेय. मामेच्या अंगावर विष असतं. याच्या पोटात गेलं तर हा हातचा जायचा."

"पण मामे तिकडे तशीच..."

"असू दे. हा तुझ्या आईचा आहे. आधी हा."

शिगेकी दारात डोकं खाजवत उभा होता. "मला आपलं वाटलं, एकत्र राहतील."

"अक्कल शेण खायला गेली होती का तुमची?"

"बाबांना ठाऊक नव्हतं," चिहो खाली बघत म्हणाली. "मला होतं."

मिसुझुसानचा हात थांबला. मग ती पुन्हा डायफुकूच्या तोंडावर पाणी घालू लागली.

चिहोला स्वतःची लाज वाटली. ओट्यावर मामेचा गळा हलत होता. चिहोने हात ओले केले आणि तिला जपून ओंजळीत घेतलं.

"हिची पेटी माझ्या खोलीत ठेवू?" तिने विचारलं. "डायफुकूच्या शेजारी. पण वेगळी."