विसावा प्रश्न

“आठवा प्रश्न बदला,” थोरली म्हणाली. “एकात दोन प्रश्न आहेत.”

प्राचार्य बाईंनी मोठ्याने वाचलं, “मला लिहायला आणि लिहिलेलं तपासायला आवडतं.”

“लिहायला आवडतं, पण तपासायचा कंटाळा येतो, अशा मुलानं खूण कुठे करायची?”

“माझ्या वर्गात सगळे तसेच आहेत,” विभागप्रमुख म्हणाले.

बाई हसल्या. थोरली हसली नाही.

लेखनवर्गातल्या मुलांनी यंदा आपली प्रगती आपणच जोखायची होती. त्यासाठी विभागप्रमुखांनी एकोणीस प्रश्न काढले होते आणि ते पारखायला बाहेरून थोरलीला बोलावलं होतं. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती याच कॉलेजात शिकली होती, याच विभागप्रमुख सरांच्या हाताखाली. त्यांची लाडकी विद्यार्थिनी होती.

पण सहा वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण त्यांच्या वर्गात गेली. आईवडिलांच्या मागे थोरलीनंच वाढवलेली ही पोर. एक दिवस सरांनी तिला खोलीत बोलावलं. आठवड्याभरात तिनं कॉलेज सोडलं. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. खोदून खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाली, “सर म्हणाले, हे लिखाण तुझं नाही.”

“तुला चोर म्हणाले? मी येते, जाब विचारते.”

“नको ताई. तुला माझी शपथ आहे.”

शपथेपायी थोरली गप्प बसली. धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली, ती कायमचीच. यंदा या कामासाठी कॉलेजचं पत्र आलं तेव्हा थोरलीनं त्याच दिवशी होकार कळवला.

एकोणीस प्रश्न तपासून झाले. मग तिनं पिशवीतून एक चिठ्ठी काढून टेबलावर सरकवली.

“हा विसावा. माझ्याकडून.”

शिक्षकांच्या कोणत्या वागण्यामुळे तुमचा लिहिण्याचा आत्मविश्वास खचला?

विभागप्रमुखांनी तो दोनदा वाचला. “यात आत्मविश्वास खचलाच असं धरून चाललंय. उत्तर मुलांच्या तोंडात घातल्यासारखं होतं.”

बरोबर होतं. तिच्या हाताखालच्या कोणी असा प्रश्न लिहिला असता, तर तिनं कागद तोंडावर फेकला असता.

“उत्तरांची भीती वाटते का, सर?”

विभागप्रमुखांनी चिठ्ठी बाकीच्या प्रश्नांच्या कागदाला जोडली. “राहू दे,” म्हणाले.

एकशेचाळीस मुलांनी कागद भरून दिले. विसाव्या प्रश्नापुढे बहुतेकांनी काहीच लिहिलं नव्हतं. बाकीच्यांची गाऱ्हाणी किरकोळ होती. सर चार-चार वेळा लिहायला लावतात. सर कधी शाबास म्हणत नाहीत. एकीनं लिहिलं होतं, सरांनी माझा कागद परत केला त्या दिवशी मी रडले. पण पुढचा चांगला झाला.

थोरलीनं अहवालात एकही शब्द खोटा घातला नाही. रडण्याचं वाक्य पहिल्या पानावर घेतलं आणि ‘रडले’पाशीच थांबवलं. कोऱ्या जागा मोजल्या आणि पुढे लिहिलं, इतकी मुलं उत्तर द्यायला धजावली नाहीत.

अहवालावरून सरांची चौकशी बसली. प्राचार्य बाई अवघडल्या होत्या. शेवटी थोरलीच बोलली.

“सहा वर्षांपूर्वी एका मुलीनं तुमच्यामुळे शिक्षण सोडलं. त्या दिवशी तुमच्या खोलीत काय झालं?”

विभागप्रमुखांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “त्याबद्दल मी बोलणार नाही.”

“सर, काहीतरी सांगा,” बाई काकुळतीला आल्या. “तुमच्या बाजूनं लिहायला मला काहीतरी द्या.”

“नाही. तेवढं सोडून काहीही विचारा.”

“सांगण्यासारखं असतं, तर सांगितलं असतं,” थोरली म्हणाली.

बाईंनी फाइल मिटली.

आठच दिवसांत विभागप्रमुखांनी राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. थोरली मुद्दाम बघायला गेली. गुडघे धरून, एकेक पायरी करत ते पुस्तकांचं खोकं जिन्यावरून खाली आणत होते. मदतीला कोणी नव्हतं. शेवटच्या पायरीवर खोकं फाटलं आणि पुस्तकं खाली पसरली. थोरली फाटकापाशी उभी राहून बघत होती. सहा वर्षांनी तिचा जीव थंड झाला.

घरी आली तेव्हा धाकटी नुकतीच कामावरून आली होती.

“बस,” थोरली म्हणाली. “तुझ्या सरांना घरी बसवून आले.”

तिनं सगळं सांगितलं. प्रश्न, अहवाल, चौकशी, ते खोकंसुद्धा. ऐकता ऐकता धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

“चौकशीत माझा विषय निघाला?”

“मीच काढला.”

“आणि सर काय म्हणाले?”

“काय म्हणणार? तोंड होतं कुठे त्यांना! बोलणार नाही म्हणाले.”

“त्यांनी शब्द पाळला,” धाकटी म्हणाली. “मी त्यांच्या हातापाया पडले होते, ताई. म्हटलं, काय ती शिक्षा करा, पण ताईला कधी कळू देऊ नका.”

“काय कळू द्यायचं नव्हतं मला?”

“तो निबंध तुझा होता. तुझ्या जुन्या वहीतला. त्यांनी पहिल्या ओळीवरूनच ओळखला.”