कढईवरचं नाव

भूमच्या खवाभट्टीवर दैवशाला मजुरीनं दूध आटवत होती, तेव्हा पुण्याहून धंद्यातल्या जोखमीवर संशोधन करणारे सर आले. त्यांच्याकडच्या भट्टीमालकांच्या जुन्या यादीत पहिलं नाव तिचंच निघालं. दीड वर्षात पहिल्यांदाच कुणी तिला विचारत होतं. "म्या सांगते, सर. दागिने मोडून भट्टी टाकली. दीड वर्षामागं उकळती कढई उलटली, धनी भाजून गेले." "म्हणजे तुमची भट्टी बंद? आम्हाला चालू धंदेच लागतात," म्हणत सरांनी तिच्या नावावर काट मारली. तिची कढई मातीमोल भावानं उचलून हीच भट्टी थाटलेला अमरसिंह पुढं सरसावला. "लई जोखीम घेतली, सर!" सरांनी ते शब्दशः उतरवलं. फोटो काढताना कढईच्या काठावर कोरलेलं नाव त्यांना खटकलं. "हा भागवत कोण?" "आधीचा मालक," अमरसिंह म्हणाला. "मग झाका ते." दैवशालानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि नवऱ्याचं नाव नीट झाकलं.