कोंबडीचे पाय

निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीत हुकूम आला: उर्दू कारकुनांनी मराठीची परीक्षा द्यावी. हैदराबादेत काचीगुड्याच्या घरी कारकून मार्तंडराव हसले. “इम्तिहान कसला? मराठी तर घरचीच!” उर्दू शाळेत घोटलेलं त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. भामाबाई वाणसामानाची यादी पाटीवर बाळबोधीत लिहायच्या, पण नवऱ्याची चाहूल लागताच पदरानं पुसायच्या. ते त्या अक्षरांना कोंबडीचे पाय म्हणत. “सांग एक ओवी, लिहून दाखवतो,” म्हणत मार्तंडरावांनी पाटी ओढली आणि लेखणी उजव्या कडेला टेकवली. “अहो, मराठी डावीकडून लिहितात,” भामाबाई चाचरत म्हणाल्या. रावांनी लेखणी डावीकडे नेली, पण पहिला ‘श्री’सुद्धा उमटेना. कान लाल झाले. “तूच कित्ता घालून दे,” ते हळूच म्हणाले. भामाबाईंनी ‘श्री’ काढला. खाली मार्तंडरावांनी गिरवला. भामाबाईंनी पाटी उजेडात धरली. “तुमची कोंबडी तर लंगडते हो!”